गंज किती, यापेक्षा गंज कुठे

१९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन् महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली आणि माळशिरस तालुक्यातलं श्रीपूर साखर कारखान्याचं गाव झालं. अशा गावात एखाद्या वस्तीवर ताडपत्रीखाली जुनी, दोन दारांची, टपाची किंवा बिनटपाची गाडी निघाली की बघायला येणारे ठरलेली चार वाक्यं बोलतात. त्यातली बरीचशी चुकीची असतात, आणि त्यांपायी चांगल्या गाड्या भंगारात जातात.

गैरसमज : पत्रा सडला म्हणजे गाडी संपली.

कोणता पत्रा, हे आधी बघा. मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डला वेगळी चासी होती. बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले. मडगार्ड कुजलं तरी चासी शाबूत असेल तर ती गाडी उभी राहते. हेराल्डचीच चासी आखूड करून इंग्लंडमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. तिच्यात मात्र दाराखालची पेटीसारखी पट्टीही भार पेलते. कुर्ल्याच्या फियाट ११००ला वेगळी चासीच नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. तिथे दाराखाली, जॅक लावायच्या जागी, मागच्या पाट्यांच्या टोकाशी गंज असेल तर हात आखडता घ्या.

परीक्षा सोपी आहे. पायपुसणी उचलून फरशीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोका. खणखणीत वाजलं तर पत्रा जिवंत आहे, भदभद आवाज आला तर खाली पोकळ. कापडात गुंडाळलेला लोहचुंबक अंगावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टीचा थर आहे. बिनटपाची गाडी असेल तर जॅकवर हळूच उचलून दाराची फट बघा. फट मिटत आली म्हणजे गाडी मधून वाकतेय.

गैरसमज : सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज धरत नाही.

मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेपेक्षा इथे पत्रा जास्त टिकतो, हे खरं. पण गाडी आयुष्यभर इथेच होती का, हे विचारा. शिवाय मातीवर उभी, पाण्याच्या निचऱ्याची भोकं पाचटाने बुजलेली, असं असेल तर ती आतून सडते.

गैरसमज : फायबरची गाडी गंजत नाही.

गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मचं अंग फायबरग्लासचं. खालचे सस्पेन्शनचे भाग, ब्रेकच्या नळ्या आणि बोल्ट लोखंडीच.

गैरसमज : इंजिन जाम, मग कशाला घ्यायची?

मला तर जाम इंजिनाची भीती सगळ्यात कमी वाटते. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या, मग पान्याने हाताने फिरवा. लगेच बॅटरी जोडून सेल्फ मारू नका, रिंगा तुटतील. फियाटचं १०८९ सीसी इंजिन प्रीमियर पद्मिनीतही होतं, त्यामुळे त्याची माहिती असलेले मिस्त्री आणि सुटे भाग अजून भेटतात. खरा खर्च मोडलेली काच, हरवलेली क्रोम पट्टी, दाराचं रबर यांचा असतो.

गैरसमज : जुनी झाली की व्हिंटेज, कागदपत्रं नंतर बघू.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार झालेले नकोत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये लागतात आणि ती १० वर्षं चालते. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज अकलूजला बाजाराला नाही. आरसी बुक वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांकडून फॉर्म ३१ भरून घ्या. आणि पैसे मोजण्यापूर्वी चासी नंबरावरचा गंज रॉकेलच्या बोळ्याने पुसून, आकडा न् आकडा आरसीशी ताडून बघा.