तोंकात्सुची दुपार

तोक्योच्या उएनो भागात दुपारचे बारा वाजत आले की तोंकात्सुच्या, म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या पोर्क कटलेटच्या, काही जुन्या दुकानांबाहेर रांग लागते. ऑफिसातली माणसं, निवृत्त जोडपी, एखाददुसरा विद्यार्थी. आत लाकडी काउंटर, पलीकडे तेलाची खोल कढई. गिऱ्हाइकाने ठरवायचं ते एवढंच, की 'रोसु' हवं की 'हिरे'. रोसु म्हणजे कडेला चरबीची पट्टी असलेला पोर्कच्या पाठीचा तुकडा; हिरे म्हणजे बिनचरबीचा, लुसलुशीत. भात, मिसो सूप, लोणचं आणि कच्च्या कोबीचा ढीग सोबत येतोच.

आज इतका घरचा वाटणारा हा पदार्थ जेमतेम सव्वाशे वर्षांचा आहे. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांच्या मांसावर बंदी घातली. यादीत डुक्कर नव्हतं, तरी बौद्ध वळणामुळे मांसाहार पुढे कित्येक शतकं कमीपणाचाच मानला गेला. १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि पाश्चात्त्य जेवणाला मोकळी वाट मिळाली. तोक्योच्याच गिंझा भागातलं 'रेंगातेई' हे उपाहारगृह १८९५ मध्ये सुरू झालं. लोण्यात परतायचं कटलेट तिथे १८९९ मध्ये तेंपुरासारखं भरपूर तेलात तळलं जाऊ लागलं. रशियाशी युद्ध पेटलं तेव्हा स्वयंपाकघरात हात कमी पडले, म्हणून शिजवलेल्या भाज्यांच्या जागी चिरलेला कोबी आला, असं सांगतात. जाडजूड तुकडा तळून, कापून, चॉपस्टिकने खाण्याजोगा वाढण्याचं श्रेय बहुतेकदा १९२९ च्या सुमाराच्या उएनोतल्या 'पोंचिकेन' या दुकानाला दिलं जातं. सुरी-काटा सुटला आणि कटलेट भाताच्या पंगतीला बसलं. उएनोतल्याच 'होराइया'च्या हिरे-कात्सुचे चाहते होते चित्रपट दिग्दर्शक यासुजिरो ओझू.

कृती वाचायला सोपी, पण कस हातात. चरबी आणि मांस जिथे जुळतात तिथल्या शिरा आधी सुरीच्या टोकाने तोडतात; नाहीतर तुकडा तेलात आक्रसून वाकडा होतो. मग मीठ-मिरी, मैदा, अंडं आणि शेवटी ओलसर पावाचा भरड चुरा. हा चुरा दाबून बसवायचा नाही. तो उभा राहिला तरच कवच हलकं होतं. कढईतून काढलेला तुकडा लगेच कापत नाहीत. तो जाळीवर थोडा निथळतो, आतली उष्णता मधला भाग शिजवत राहते. मग सुरी एकाच दाबात खाली येते आणि 'कर्र' आवाज काउंटरभर ऐकू जातो.

कोबी पाण्यात टाकून करकरीत केलेला असतो. बऱ्याच ठिकाणी कोबी, भात आणि सूप पुन्हा मागता येतं, आपल्याकडच्या खानावळीसारखं. काही दुकानांत छोट्या खलात तीळ देतात. ते स्वतः कुटायचे आणि त्यावर दाट, आंबटगोड सॉस ओतायचा. नागोयात मात्र सॉसऐवजी काळपट मिसोचा रस्सा चालतो.

डिनरच्या मानाने दुपारची थाळी खिशाला बरीच हलकी पडते. तेव्हा तोक्योला गेलात तर एक दुपार राखून ठेवा आणि रोसु मागवा. पहिला तुकडा नुसत्या मिठाबरोबर खा, दुसरा मोहरी लावून. सॉस लागेल तेवढाच, शेजारी घ्या. सगळ्यावर ओतलात तर त्या चुऱ्यावरची मेहनत वाया जाईल.