मसूरच्या अलीकडे भेटलेले सरदारजी

भगिनींनो, काहीही काम नसताना, केवळ पाय मोकळे करायला म्हणून तुम्ही घराबाहेर शेवटच्या कधी पडलात? मला हा प्रश्न आगगाडीत एका अनोळखी वृद्धाने विचारला आणि मला उत्तर देता आले नाही.

2025 च्या सप्टेंबरातली ही गोष्ट. शनिवारचा दिवस. सांगलीहून साताऱ्याला लेकीकडे निघाले होते. निघाले कसली, लेकीने हट्ट धरून बोलावले होते. ह्यांना जाऊन दोन वर्षे झाली होती. शाळेतली नोकरी त्याआधीच संपलेली. स्वयंपाकघर आणि खिडकी एवढेच माझे जग उरले होते. कोणी 'चला' म्हटले की माझे उत्तर ठरलेले, "आता या वयात कुठे?" माझे वय बासष्ट.

समोरच्या बाकावर एक सरदारजी बसले होते. पांढरीशुभ्र दाढी, निळी पगडी आणि पायांत भडक पोपटी रंगाचे पळायचे बूट. डब्यातली पोरे त्या बुटांकडे बघून हसत होती. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते. गाडी सुटते न सुटते तोच त्यांनी विचारले, "कुठल्या तुम्ही?" म्हटले, सांगलीची. "तसे नाही, मूळच्या?" गावाचे नाव सांगितले. "आडनाव काय म्हणालात?" मी काही म्हणालेच नव्हते! प्रश्नांची ही उतरंड आपल्याला पाठ आहे आणि ती कुठे जाऊन थांबते तेही. मी आडनाव सांगितले. गृहस्थ "बरं" म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

कराड मागे पडले. सरदारजींनी पिशवीतून बाटली काढली. ती रिकामी होती. "बहनजी, थोडे पाणी मिळेल?" मी माझी बाटली पुढे केली. ते पोटभर पाणी प्यायले, तोंड पुसले आणि बाटली परत देताना हात जोडले. एवढ्यात खिडकीबाहेर मसूरची पाटी सरकली.

मसूर! 1901 साली याच स्टेशनावर चार मुले उतरली होती. छोटे भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले. खटाव तालुक्यातल्या गोरेगावी नोकरीला असलेल्या वडिलांकडे ती साताऱ्याहून निघाली होती. मुलांचे नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान त्यांना घेईना. दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनीच हाकायची असे ठरले, तेव्हा कुठे एकजण तयार झाला. बरोबर डबा होता, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतःच लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट मी सरदारजींना सांगितली. ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडे लंगरात सगळे एका रांगेत जेवतात. पण गावात घरांच्या रांगा वेगळ्याच राहिल्या. खोटे कशाला बोलू?" त्यांचा तो खरेपणा मला आवडला.

आणि मग त्यांनी विचारले, "बहनजी, तुम्ही दिवसाला किती चालता?"

माझी बोलतीच बंद. शेवटी ह्यांच्याविषयी सांगून टाकले. ते म्हणाले, "माझी बायको गेली तेव्हा मीही असाच बसून होतो. सहासष्ट वर्षांचा होतो. आज चौऱ्याहत्तर." सांगलीत त्यांच्या मुलाचे ट्रकच्या सुट्या भागांचे दुकान आहे. दुसऱ्या दिवशीच्या सातारा हिल मॅरेथॉनसाठी ते चालले होते. अंतर एकवीस किलोमीटर, तेही यवतेश्वरचा घाट चढून!

त्यांना उठवले ते फौजा सिंग यांच्या गोष्टीने. जालंधर जिल्ह्यातल्या बियास पिंडचे हे शेतकरी. लहानपणी पाय इतके अशक्त की पाच वर्षांचे होईपर्यंत नीट चालता येत नव्हते. 1992 मध्ये पत्नी गेली, 1994 मध्ये मुलगा कुलदीप अपघातात डोळ्यांदेखत गेला. दुःखाने माणूस खचला. लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहताना त्यांनी धावायला सुरुवात केली. सरावाच्या पहिल्या दिवशी म्हणे सूट घालून आले होते! 2000 साली, वयाच्या 89 व्या वर्षी, त्यांनी लंडन मॅरेथॉनचे 42 किलोमीटर पूर्ण केले. 2011 मध्ये टोरांटोला वय शंभर, वेळ 8 तास 11 मिनिटे.

पण गिनीज बुकाने त्या विक्रमाची नोंद केली नाही, कारण जन्माचा दाखला नव्हता. हे ऐकून मला माझ्या आईची आठवण झाली. आपल्या किती वडीलधाऱ्यांची जन्मतारीख मास्तरांनी लिहिलेली, 1 जून! कागद नाही म्हणून माणूस जगलाच नाही असे थोडेच असते?

शेवटची शर्यत त्यांनी 2013 मध्ये हाँगकाँगला धावली. 14 जुलै 2025 रोजी आपल्याच गावाजवळ रस्त्यावर वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. वय 114. हे सांगताना सरदारजींचा आवाज कापरा झाला.

सातारा आले. उतरताना ते म्हणाले, "उद्या सकाळी रस्त्यावर या. धावू नका. फक्त पाणी द्या."

रविवारी उजाडताच लेक आणि मी घाटाच्या रस्त्यावर गेलो. कळशी, स्टीलचे पेले. हजारो माणसे धावत येत होती. तरुण, म्हातारे, पंजाबी ड्रेसमधल्या बायका. साताऱ्याची माणसे दुतर्फा टाळ्या वाजवत होती. पेल्यापुढे पेला रिकामा होत होता. पाणी कोणाच्या हातचे, हे कोणीही विचारले नाही. एका सकाळच्या शर्यतीने जात जात नाही, हे मला कळते. पण मसूरची ती तहानलेली मुले मनात होती. त्यांच्याच जिल्ह्यात लोक माझ्या हातून पेला घेत होते आणि "थँक्यू मावशी" म्हणत होते. माझे डोळे भरून आले.

बऱ्याच उशिरा पोपटी बूट दिसले. सरदारजी घाट उतरून येत होते, हळूहळू, पण न थांबता. माझ्या हातून पेला घेतला, प्यायले आणि एवढेच विचारले, "कल से?" मी मान हलवली.

आता रोज सकाळी चालते. पहिल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले तरी दम लागायचा. आता आयर्विन पुलापर्यंत जाऊन कृष्णामाई पाहून परत येते. दुःख गेले का? नाही. पण ते आता माझ्याबरोबर चालते, मला बसवून ठेवत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या पंजाबच्या लोकांचे वेगळे. तर आपल्याकडे बघा. बारामतीच्या लताबाई करे साठी उलटल्यावर नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत धावली, दहावी आली. ही आपल्याच मातीतली माणसे आहेत.

तेव्हा भगिनींनो, सुरुवात दहा मिनिटांनी करा. रक्तदाब किंवा साखर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पायाला बेताची चप्पल नको, साधे पण घट्ट बसणारे बूट घ्या. शेजारणीलाही हाक मारा. आणि निघताना पाण्याची बाटली भरून घ्या. वाटेत कोणी मागितले तर आधी पाणी द्या. नाव विचारायला पुढे सगळा रस्ता पडलेला आहे.