नियंत्रण-कक्षातला गीतकार : जॅक क्लेमेंट
अमेरिकेच्या दक्षिणेकडील ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या आणि गिटार व फिडल, म्हणजे लोकशैलीत वाजवले जाणारे व्हायोलिन, यांच्या साथीने कथा सांगणाऱ्या कंट्री संगीतात गायक, गीतकार आणि निर्माता या तिन्ही भूमिका निभावणारे ‘काउबॉय’ जॅक क्लेमेंट (१९३१–२०१३) आपल्याकडे जवळजवळ अपरिचितच आहेत. येथे निर्माता म्हणजे पैसा पुरवणारा नव्हे, तर गाण्याची निवड, वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रण यांवर अखेरचा निर्णय घेणारा. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीत १९५६ साली ध्वनिमुद्रक म्हणून रुजू झालेल्या क्लेमेंट यांनी, मालक सॅम फिलिप्स बाहेरगावी असताना, जेरी ली लुईस या अनोळखी पियानोवादकाचा आवाज टिपून ठेवला. गायक जॉनी कॅशसाठी त्यांनी लिहिलेली दोन गीते १९५८ मध्ये कंट्रीच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली, आणि कॅशच्याच १९६३ च्या ‘रिंग ऑफ फायर’ या गाण्यातील मेक्सिकन धाटणीच्या ट्रम्पेटची रचनाही त्यांचीच. मात्र त्यांचे सर्वांत मोलाचे कार्य वेगळेच मानावे लागेल: वर्णभेदाने ग्रासलेल्या त्या काळात चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाचे ध्वनिमुद्रण त्यांनी केले, ते नॅशव्हिलमधील आरसीए कंपनीच्या चेट अ‍ॅटकिन्स यांच्यापर्यंत पोहोचवले, आणि पुढे वर्षानुवर्षे प्राइड यांच्या ध्वनिमुद्रिकांची निर्मितीही केली. स्वतःच्या आवाजातील पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका मात्र त्यांनी थेट १९७८ मध्ये काढली.