गोळ्यांचे गणित

समजा, वाशीत राहणाऱ्या तुमच्या आजोबांना रक्तदाबासाठी रोज अॅम्लोडिपिनची एक गोळी घ्यावी लागते. गोळ्या संपल्या, तरी लगेच काही जाणवत नाही. असे का? किरणोत्सारी पदार्थाप्रमाणे या औषधालाही अर्धायुकाल असतो, सुमारे 40 तासांचा. तेवढ्या वेळात शरीरातील औषध निम्मे होते. 10 दिवसांत असे सहा टप्पे होतात आणि उरतो केवळ चौसष्टावा भाग! रक्तदाब मात्र निमूटपणे चढतो. पक्षाघाताचा धोका वाढतो.

म्हणून शेवटची पट्टी उघडताच दवाखान्यात जाऊन नवी चिठ्ठी घ्यावी. 1945 च्या औषध नियमांनुसार, डॉक्टरांनी ‘पुन्हा द्यावे’ असे लिहिले नसेल, तर अशा औषधाची चिठ्ठी एकदाच चालते. मग, आजोबांच्या गोळ्या आज मोजाल ना?