श्रेयनामावली संपेपर्यंत

चित्रपटगृहातील शेवटचे दृश्य संपते, दिवे लागतात आणि बहुतेक प्रेक्षक दाराकडे वळतात. महानायकांच्या चित्रपटांना आलेली तरुण मंडळी मात्र अलीकडे जागा सोडीत नाहीत. कारण लांबलचक श्रेयनामावलीच्या अखेरीस पुढील कथेची चुणूक दाखविणारा एखादा छोटासा प्रसंग येतो, हे त्यांना ठाऊक असते. नातवंडांबरोबर आलेले एखादे आजोबाही त्याच रांगेत बसून राहतात. त्यांचे कारण निराळे असते. ज्या नायकाच्या चित्रकथांवर त्यांचे बालपण पोसले, त्या नायकाची कल्पना प्रथम ज्यांना सुचली, त्यांचे नाव पडद्यावर येते की नाही, हे त्यांना पाहावयाचे असते.

महाराष्ट्रातील या पिढीची महानायकांशी ओळख झाली ती कागदावर. १९६४ साली टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला ‘फँटम’ तिच्यामुळे मराठी घरांत ‘वेताळ’ होऊन आला. एक अंक घरातील सर्व भावंडे वाचत, मग तो शेजारी जाई आणि पाने सुटेपर्यंत हातोहात फिरत राही. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांची भेट पुढे इंग्रजी अंकांतून, आणि त्याहीपुढे चित्रपटगृहात झाली.

कागदावरील चित्रकथा आणि तिचा चित्रपट यांत जुन्या वाचकाला एक मूलभूत भेद जाणवतो. चित्रकथेत एका चौकटीत नायक गच्चीवर उभा असतो आणि दुसऱ्या चौकटीत तो ढगांत असतो. मधली झेप वाचकाने स्वतः कल्पावयाची असते. वेळही वाचकाच्याच हाती असतो. एका पानावर तो दहा मिनिटे थांबू शकतो, किंवा पुन्हा मागे जाऊ शकतो. चित्रपट ही मधली झेप प्रत्यक्ष दाखवितो, आणि त्याचे सामर्थ्य त्यातच आहे. १९७८ च्या डिसेंबरात रिचर्ड डॉनर दिग्दर्शित ‘सुपरमॅन’ प्रदर्शित झाला, तेव्हा ख्रिस्तोफर रीव्ह खरोखरच उडत आहे असे प्रेक्षकांना वाटले. त्या चित्रपटाचा आरंभही कृतज्ञतेने होतो. पडदा उघडतो, जून १९३८ हा काळ दिसतो आणि एका बालकाचा हात ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ची पाने उलटू लागतो. थोड्याच वेळात आकाशातून झेपावत येणाऱ्या नावांत दोन नावे येतात : जेरी सीगल आणि जो शुस्टर. सुपरमॅनचे निर्माते.

ही दोन नावे तेथे सहजासहजी आलेली नव्हती. त्यांची कथा पडद्यावरील कथेइतकीच ऐकण्यासारखी आहे, आणि व्यापारी घरांना तर ती विशेष विचार करावयास लावणारी आहे.

सीगल आणि शुस्टर हे अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातले शाळासोबती. सीगल लिहीत असे, शुस्टर चित्रे काढीत असे. मंदीच्या त्या दिवसांत त्यांनी आपला नायक एकामागून एक प्रकाशकांना दाखविला आणि नकार पचविले. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये एका प्रकाशनसंस्थेने तेरा पानांची कथा स्वीकारली. पानाला दहा डॉलर, एकूण १३० डॉलर. त्या रकमेबरोबर नायकाचे सर्व हक्कही कायमचे प्रकाशकाकडे गेले. दोघे तेव्हा तेवीस वर्षांचे होते. जून १९३८ चा तो अंक दहा सेंटला विकला जाई. म्हणजे १,३०० अंकांच्या छापील किमतीत सुपरमॅनचा संपूर्ण व्यवहार आटोपला होता.

प्रकाशकाची बाजूही येथे ध्यानात घेतली पाहिजे. सौदा त्या काळच्या रीतीप्रमाणे झाला होता, कागदावर दोघांच्या सह्या होत्या आणि इतरांनी नाकारलेल्या मालावर पैसा लावण्याचा धोका प्रकाशकानेच पत्करला होता. पुढे काही वर्षे याच नायकाच्या कथा रचण्याचे काम आणि त्याचा मोबदलाही दोघांना मिळत राहिला. तथापि नायकाची लोकप्रियता वाढली, वृत्तपत्रे, रेडिओ आणि खेळणी यांतून उत्पन्न येऊ लागले, आणि मूळ मालकी आपली राहिली नाही ही गोष्ट त्यांना सलू लागली. १९४७ साली त्यांनी दावा लावला. समझोत्यात काही रक्कम हाती आली; परंतु कामही गेले आणि कथेच्या आरंभी छापले जाणारे नावही गेले. शुस्टरची दृष्टी अधू होत गेली. सीगलला उतारवयात लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करावी लागली.

१९७५ मध्ये सुपरमॅनवर भव्य चित्रपट निघणार असल्याची वार्ता आली, तेव्हा सीगल यांनी आपली कैफियत वृत्तपत्रांकडे धाडली. न्यायालयात ते तोपर्यंत हरले होते. कायद्याने त्यांना कोणी काही देणे लागत नव्हते. अशा वेळी नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार पुढे सरसावले. त्यांनी वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि व्यवसायबंधू यांच्यापुढे हा प्रश्न मांडला. या नायकावर वाढलेले वाचकही हळहळले. चित्रपट घेऊन येणाऱ्या कंपनीला लोकमताची ही नाराजी परवडणारी नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तडजोड झाली : दोघांना प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलर, वैद्यकीय खर्चाची तरतूद आणि निर्माते म्हणून नाव. त्याच चित्रपटात सुपरमॅनच्या पित्याची छोटी भूमिका करणाऱ्या मार्लन ब्रँडो यांना सुमारे ३७ लाख डॉलर मिळाले, हे लक्षात घेतले म्हणजे वर्षासनाची रक्कम किती लहान होती ते कळते. तरीही जवळजवळ तीन दशकांनी परत मिळालेल्या नावाचे मोल या रकमेत मोजता येणार नाही.

ही कथा एकट्या सुपरमॅनची नव्हे. १९३९ मध्ये अवतरलेल्या बॅटमॅनचे श्रेय करारानुसार बॉब केन या एकट्या चित्रकाराला मिळत राहिले. ब्रूस वेन हे नाव, झग्याचे आणि मुखवट्याचे रूप, कथांचा गाभा, या सर्वांत बिल फिंगर या लेखकाचा मोठा वाटा होता. परंतु १९७४ साली ते निधन पावले, तेव्हा त्यांचे नाव निर्माता म्हणून कोठेही नव्हते. मार्क टायलर नोबेलमन या लेखकाने अनेक वर्षे चिकाटीने माहिती गोळा केली, फिंगर यांचे वारस शोधले आणि हा विषय धसास लावला. २०१५ मध्ये श्रेय मान्य झाले आणि २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये केन यांच्या नावासोबत फिंगर यांचेही नाव पडद्यावर झळकले. ‘अ‍ॅव्हेंजर्स’ची पहिली चित्रकथा १९६३ साली स्टॅन ली यांच्यासह साकारणारे जॅक कर्बी १९९४ मध्ये गेले. त्यांच्या वारसांशी कंपनीचा समझोता झाला तो वीस वर्षांनंतर, २०१४ मध्ये. तोवर त्या नायकांचे चित्रपट कोट्यवधी डॉलर मिळवू लागले होते.

जुन्या वाचकाच्या मनात म्हणूनच दोन भावना एकाच वेळी नांदतात. बालपणी कल्पनेत पाहिलेली झेप पडद्यावर साक्षात घडते, याचा आनंद खराच असतो. त्याबरोबरच एक विसंगती त्याला बोचत राहते. दुर्बळाच्या हक्कासाठी धावून जाणे हाच ज्या नायकाचा धर्म, त्याच्या जन्मदात्यांच्या हक्काचा प्रश्न मात्र इतकी वर्षे लोंबकळत राहिला. महानायकाची थोरवी त्याच्या बळात नसून ते बळ तो कोणासाठी वापरतो यात असते, असे या कथांनी मुलांना शिकविले. ही कसोटी नायकाच्या मालकांनाही लागू पडते.

येथे प्रश्न कायद्याचा उरत नाही. करार पाळणे हे व्यापाराचे पहिले पाऊल होय. पण ज्याच्या कल्पनेतून पेढी उभी राहिली त्याची आठवण ठेवणे, आणि भरभराट झाल्यावर त्याच्या घरची विचारपूस करणे, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. जुन्या पेढ्यांवर आरंभीच्या मुनिमाचे किंवा कारागिराचे नाव तिसऱ्या पिढीतही आदराने घेतले जात असेल, तर ते याच जाणिवेमुळे. १९७५ च्या तडजोडीतही शेवटी हीच जाणीव कामी आली. फरक एवढाच, की ती मालकांच्या मनात आपणहून जागी न होता लोकांनी जागी करावी लागली.

काळाने या हिशेबाची एक विलक्षण नोंदही करून ठेवली आहे. १३० डॉलरचा तो मोबदला ज्या धनादेशातून दिला गेला, त्यात इतर कामांची रक्कम मिळून एकूण ४१२ डॉलर होते. तो जुना धनादेश २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला विकला गेला. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या एका उत्तम प्रतीला २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. शुस्टर १९९२ मध्ये आणि सीगल १९९६ मध्ये हे जग सोडून गेले होते.

नवा चित्रपट लागला की नातवंडे आजही आजोबांचा हात धरून चित्रपटगृहात नेतील. शेवटच्या त्या छोट्या प्रसंगासाठी ती थांबतीलच. तोवर सरकणाऱ्या नावांतील एक-दोन नावांवर आजोबांनी बोट ठेवावे आणि घरी परतताना क्लीव्हलँडच्या त्या दोन मुलांची गोष्ट सांगावी. नातवंडांच्या संग्रहातील महागड्या खेळण्यांपेक्षा ती अधिक काळ टिकेल.