तांब्याचे गाव आणि तांब्याची माणसे



वारंगा फाट्यावर खिचडीचा घास घेता घेता रस्त्याकडे पाहावे, तर नागपूरकडे जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या मालमोटारींची रांग संपत नाही. त्या रस्त्याने नागपूर गाठावे, पुढे गोंदिया ओलांडावे, म्हणजे बालाघाट जिल्हा लागतो. आज तो मध्य प्रदेशात आहे. 1956 पूर्वी मात्र तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, आणि आपण त्या वेळी हैदराबाद संस्थानाच्या प्रदेशात होतो. सरहद्दी कागदावर बदलल्या. दगड होता तिथेच राहिला. त्या दगडाची, म्हणजे मालंजखंडच्या तांब्याची हकिगत मी आज सांगणार आहे. मी कॉलेजात शिकलेला नाही. कामगार संघटनेच्या कचेरीत, खटल्यांच्या कागदांबरोबर जे वाचनात आले, त्यावरच माझी भिस्त आहे.

आरंभ खाणीपासून न करता एका गावापासून करतो. बालाघाट जिल्ह्यातच गुंगेरिया नावाचे खेडे आहे. 1870 साली तेथे गुरे राखणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून धातूचे टोक वर आलेले दिसले. ओढून पाहिले तर खाली साराच साठा! तांब्याची 424 हत्यारे निघाली. काही चपट्या कुऱ्हाडी, काही लांब पहारीसारख्या. वजन भरले 829 पौंड, म्हणजे सुमारे 376 किलो. त्यांच्यासोबत चांदीचे 102 पातळ पत्रे होते, कित्येक गोल, तर काही शिंगे असलेल्या बैलाच्या तोंडाच्या आकाराचे. ही सामग्री साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानली जाते. कॅप्टन ब्लूमफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याने तिची नोंद केली, आणि बहुतेक पुस्तकांत त्याचेच नाव येते. पोरांचा उल्लेख 'दोन गुराखी' एवढाच. आपल्याकडे दायमाबादला, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, 1974 साली तांब्याचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारही मिळून 60 किलोंहून अधिक वजन. तेथे मात्र ते ज्याला सापडले त्या छबू लक्ष्मण भिल्ल यांचे नाव ग्रंथांत शिल्लक राहिले. शंभर वर्षांत एवढा तरी फरक पडला, ही समाधानाची गोष्ट होय.

आता मालंजखंड. बैहरच्या बाजूला, गोंड आणि बैगा लोकांच्या मुलखात हा डोंगर. गारगोटीच्या दगडाची लांबलचक भिंत जमिनीतून वर आलेली, आणि तिच्यावर हिरवे डाग. तांब्याच्या भांड्याला पावसाळ्यात हिरवा कळंक चढतो ना, दगडातल्या तांब्यालाही हवापाण्याने तसाच हिरवा रंग येतो. जुन्या काळच्या खाणकऱ्यांनी ही खूण ओळखून येथे खणलेले होते. सरकारी भूगर्भखात्याने 1969 च्या सुमारास पद्धतशीर तपासणी सुरू केली. त्याआधी दोन वर्षे, 1967 मध्ये, हिंदुस्थान कॉपर ही सरकारी कंपनी निघाली होती. तिने 1982 पासून येथे उघडी खाण चालविली. देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण ती हीच. पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड विहीर समजा. पण तिच्या प्रत्येक पायरीवरून मालमोटार चालते!

आता हिशेब पाहा. या दगडात तांबे शेकडा सव्वाच्या आसपास. शंभर टन दगड फोडला तर तांबे फार तर सव्वा टन. म्हणजे घरातले पाच किलोंचे घंगाळ व्हायला चार क्विंटल खनिज दगड लागतो, आणि त्यावरचा बिनकामाचा दगड वेगळाच. तो सुरुंगाने उडवितात, चक्कीत दळून पिठासारखा करतात. मग त्या पिठात पाणी व औषध घालून खालून हवा फुंकतात. ताक घुसळताना लोणी वर येते, तसे तांब्याचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात, आणि दगड तळाशी जातो. लोखंडाहूनही जड असे तांबे पाण्यावर तरंगते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण तरंगतो तो बुडबुडा. तांबे त्याच्या पाठीवर बसते. हा फेस वाळवला की जो चुरा राहतो, त्यात तांबे साधारण पाव हिस्सा. तो भट्टीत गेल्यावर मग धातू. उरलेला पंचाण्णव टन रेंदा गावाशेजारी धरणासारख्या बांधात साठत जातो. त्या बांधाची देखरेख खाण बंद झाल्यावरही कुणी तरी करावीच लागते. कोण करील, हा प्रश्न मालंजखंडने आताच विचारून ठेवावा.

माझ्या धंद्याचा मुद्दा आता येतो. गारगोटीला भोक पाडले की धूळ उडते, आणि ती फुप्फुसात कायमची बसते. त्यातून होणाऱ्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. दम लागतो, क्षयासारखी लक्षणे दिसतात, आणि गेलेले फुप्फुस कोणतेही औषध परत देत नाही. उपाय साधा आहे. भोक पाडताना पाणी सोडावे, धूळ ओलीच राहावी. त्या पाण्याच्या नळीसाठी जगभरच्या खाणकामगारांना भांडावे लागले आहे. कायम नोकरावर थोडी तरी नजर असते. कंत्राटी माणूस आज येथे, उद्या तिसरीकडे, त्याच्या छातीचा फोटो कोण काढणार? 1970 साली कंत्राटी मजुरांचा कायदा झाला खरा, पण कायदा आणि हजेरीपट यांत पुष्कळ अंतर असते. हे मी पाच-पंचवीस कचेऱ्यांत बसून पाहिले आहे.

तांब्याची गावे टिकतात किती, याचेही दाखले आहेत. झारखंडातील मुसाबनीच्या खाणी 1924 साली स्थापन झालेल्या इंडियन कॉपर कॉर्पोरेशनने वाढविल्या. 1972 साली त्या सरकारकडे आल्या, आणि 1990 नंतर त्यांपैकी बहुतेक एकामागून एक बंद पडल्या. राजस्थानात खेत्रीची भट्टी 2008 साली थांबली. मालंजखंडला ही पाळी आली नाही. उघडी खाण खोल जाता जाता आता भूमिगत खाणीची कामे झाली आहेत. पण भूमिगत काम म्हटले की पुन्हा तीच धूळ, तीच हवा आणि तोच नळीचा प्रश्न, आता अधिक बंदिस्त जागेत.

अशा गावाचा वारसा म्हणजे काय? मला वाटते, गुंगेरियाच्या कुऱ्हाडी आणि खाणीचा आराखडा जेवढा, तेवढेच हजेरीपट, पगारपत्रके, तडजोडीचे करार आणि दवाखान्याच्या वह्या. हे कागद संघटनांच्या कचेऱ्यांतून वाळवी खात पडलेले असतात. आपल्या पुण्याच्या तांबट आळीचे हेच झाले. पेशवाईपासून मठारलेली भांडी घडविणाऱ्या त्या कारागिरांचे हातोडे ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील आल्यावर मंदावले. त्यांची भांडी घरोघर आहेत, पण कुणाला किती मजुरी मिळत असे, याचा हिशेब किती घरांत सापडेल?

गुंगेरियाची काही हत्यारे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. जुने लोक त्याला अजब बंगला म्हणतात. दवाखान्याच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी आपल्यातली माणसे नागपूरला जातातच. परतीची गाडी धरण्याआधी तासभर काढून ती कुऱ्हाड पाहून यावी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्येही त्या साठ्यातल्या वस्तू आहेत, पण तेथवर आपली एस. टी. जात नाही.