चांदरातीची दुर्बीण आणि रंगीत काचा

पुलगावला २२ जानेवारी १८९८ रोजी, शनिवारी, भरदुपारी अंधारून आले होते. त्या दिवशीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून वऱ्हाड ओलांडत वर्धा जिल्ह्यावरून पुढे गेला. ते पाहण्यासाठी कॅप्टन हिल्स आणि एच. एफ. न्यूअल हे इंग्लंडचे दोन अभ्यासक, प्रकाशाचे रंग वेगळे करणारी यंत्रे घेऊन पुलगावात उतरले होते. नदीपलीकडे वऱ्हाडातील तळणीला अ‍ॅनी माँडर यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून दूरवर गेलेल्या किरणांची छायाचित्रे घेतली. पंचांगाप्रमाणे ती पौष अमावास्या होती आणि हिजरी १३१५ च्या शाबान महिन्याचे शेवटचे दिवस चालू होते. ज्या चंद्राने दुपारी सूर्य झाकला, त्याचीच कोर पुढे पश्चिमेला उगवली आणि रमजान लागला.

नवा चंद्र सूर्याच्या किती जवळ असतो, हे त्या ग्रहणाने दाखवले. चांदरातीला दुर्बीण काढणाऱ्याने हीच गोष्ट सर्वांत आधी ध्यानात ठेवायला हवी.

हल्ली घराघरांत मुलांसाठी छोटी दुर्बीण घेतली जाते. तिच्याबरोबर डबीत काही गोल काचा येतात. त्यांना फिल्टर म्हणतात. डोळा लावायच्या भिंगाला, म्हणजे आयपीसला, आतल्या बाजूने आटे असतात. त्यात फिल्टर फिरवून बसवायचा. फिल्टर नवा प्रकाश आणत नाही. आलेल्या प्रकाशातला काही भाग तो अडवतो. म्हणून कोणता प्रकाश अडवायचा, हे ठरवूनच काच निवडावी लागते.

जुन्या किंवा स्वस्त दुर्बिणीच्या डबीत ‘सन’ असे लिहिलेली गडद काच असेल, तर ती बाहेर काढून फोडून टाकलेली बरी. दुर्बिणीचे पुढचे भिंग सूर्याची सगळी उष्णता आयपीसपाशी एकवटते. त्या उष्णतेने ही काच अचानक तडकू शकते आणि क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्य पाहायचा असेल तर त्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा लागतो. चांदरातीला तर सूर्य पुरता मावळल्याशिवाय दुर्बीण पश्चिमेकडे वळवूच नये. मुले भोवती असतील तर मोठ्यांपैकी एकाने दुर्बिणीपाशी थांबावे.

सूर्य बुडाल्यावरही ‘मून’ लिहिलेला फिल्टर लावू नये. तो पूर्ण चंद्राचा लखलखाट कमी करण्यासाठी असतो. पहिल्या दिवसाची कोर आधीच फिकी. त्या काचेने ती आणखी हरवते. फिकट केशरी काच मात्र थोडी मदत करते. संधिप्रकाशात आकाशाचा निळा उजेड कोरीवर पसरलेला असतो. केशरी काच तो निळा उजेड अडवते. शिवाय क्षितिजाजवळच्या धुळीतून लाल-केशरी प्रकाश निळ्यापेक्षा चांगला पार होतो. त्यामुळे पार्श्वभूमी गडद होऊन कोर किंचित उठून दिसते. गडद लाल काच छोट्या दुर्बिणीला झेपत नाही. तिच्यातून फार थोडा प्रकाश येतो.

मात्र जी कोर आकाशात नाही, ती कोणताही फिल्टर दाखवू शकत नाही. चंद्राची साक्ष देताना उघड्या डोळ्यांनी पाहणेच हवे, असे अनेक उलेमा मानतात. दुर्बिणीने कोर कुठे आहे ते शोधून मग डोळ्यांनी पाहण्याचीही रीत आहे. निर्णय हिलाल कमिटीचा असतो. दुर्बीणवाल्याचे काम एवढेच, की दिसले तर दिसले म्हणायचे आणि नाही तर नाही. काचेवरचा एखादा ओरखडा चंद्र म्हणून सांगितला, तर सगळ्या गावाचा रोजा चुकू शकतो.

सातव्या-आठव्या रोजाला अर्धा चंद्र असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजच्या वेळीच आकाशात असतो. तेव्हा पोलरायझिंग फिल्टर कामाला येतो. सूर्यापासून काटकोनात असलेल्या आकाशाचा प्रकाश बराचसा एकाच दिशेने कंप पावणारा असतो आणि अर्धचंद्र नेमका तिथेच उभा असतो. आयपीस हळूहळू फिरवत गेले की एका ठिकाणी निळे आकाश गडद होते आणि चंद्रावरची विवरे स्पष्ट होतात. पहिल्या कोरीला हा उपाय चालत नाही, कारण ती सूर्याजवळच्या आकाशात असते.

चौदाव्या-पंधराव्या रोजाला तरावीहची नमाज आटोपून लोक घरी निघतात, तेव्हा चंद्र चांगला वर आलेला असतो. तेव्हा तो करडा ‘मून’ फिल्टर लावावा. पूर्ण चंद्र डोळ्याला इजा करत नाही, पण दिपवतो. ग्रहांसाठी फिल्टरच्या कडेवरचा आकडा पाहावा: ८० ए ही निळी काच गुरूचे पट्टे स्पष्ट करते, तर २१ क्रमांकाची केशरी काच मंगळावरचे गडद भाग. हे आकडे रॅटन नावाच्या इंग्रज कारखानदाराच्या फिल्टरवरून आले. ती कंपनी १९१२ साली कोडॅकने घेतली.

शेवटच्या रोजांत सहरीनंतर पूर्वेला उतरत्या चंद्राची कोर दिसते. ती पाहायला केशरी काच पुन्हा चालेल. पण तेव्हा सूर्य मावळायचा नसून उगवायचा असतो. फजरच्या नमाजला जाण्याआधी दुर्बिणीवर झाकण लावून ती घरात ठेवावी.